निळ्या बुद्धाच्या गुडघ्यावरची रेघ

“साहेब, तुम्ही चित्र विकलंत आणि राख माझ्या नावावर लिहिलीत.”

हे वाक्य गुंडाळीकाकांनी बसमध्ये चार वेळा मनातल्या मनात म्हणून बघितलं होतं. पाचव्या वेळी ते तोंडातून बाहेर पडलं, पण ऐकायला साहेब नव्हते. लिलावघराच्या त्या गारठलेल्या हॉलमध्ये समोर फक्त चित्र होतं आणि चित्राशेजारी टाय लावलेला एक विक्रेता.

“काही म्हणालात?” विक्रेत्याने विचारलं.

“तुम्हाला नाही.”

विक्रेता अर्धं पाऊल जवळ सरकला. काकांच्या चपला बघून सरकला, हे काकांना कळलं. सरकारी संग्रहालयाच्या कोठीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळतं. महाग वस्तूजवळ साधा माणूस आला की पहारेकरी कसा सरकतो, ते त्यांनी आतून बघितलेलं होतं.

चित्र दोन हात उंच. सुती कापडावर रंगवलेलं, भोवती जुन्या रेशमाचा काठ, खाली लाकडी दांडी. मधोमध निळा बुद्ध, औषध देणारा. उजव्या हातात वनस्पतीची फांदी, डाव्या हातात मांडीवर टेकवलेला वाडगा. आणि उजव्या गुडघ्यापासून निघून वाडग्याखालून डाव्या गुडघ्यापर्यंत गेलेली एक आडवी रेघ. तिथला मूळ रंग उडाला होता आणि कुणी तरी त्यात भलताच निळा भरला होता. शाळेतल्या पोराच्या रंगपेटीतला.

काकांनी ती रेघ बघितली आणि लगेच ओळखली. पण या बुद्धाला त्यांनी स्वतःच्या हातांनी जाळलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी कोठीचं छत गळलं. आज संग्रहालयाचे मोठे साहेब आहेत ते तेव्हा धाकटे साहेब होते. निळ्या बुद्धासकट पाच गुंडाळ्यांना, म्हणजे गुंडाळून ठेवलेल्या चित्रांना, बुरशी लागली आहे, बाकीच्यांना लागण होईल, सबब त्या नष्ट कराव्यात, असा कागद त्यांनी काढला. काका कोठीत पोचले तेव्हा पाचही गुंडाळ्या मेणकापडात बांधून, दोऱ्यांवर लाख लावून तयार होत्या. साहेब म्हणाले, “उघडू नका हं काका, ती बुरशी छातीत जाते.” काकांना वाटलं, किती काळजी करतो हा माणूस आपली. मागच्या आवारात त्यांनी पाचही पेटवल्या. यादीखाली सही केली, “माझ्या समक्ष नष्ट केले.” त्या दिवशी ते जेवले नाहीत. बायको तेव्हा होती. तिने विचारलं तर म्हणाले, “आज घरातलं माणूस जाळून आलोय.”

आणि घरातलं माणूस आज इथे दिव्याखाली टांगलं होतं. खाली लॉट नंबर. न्हाव्याच्या दुकानात दाढीचा साबण गालावर असताना पेपरातल्या जाहिरातीत ते दिसलं नसतं, तर सोमवारच्या लिलावात ते कुठल्या तरी परक्या भिंतीवर गेलं असतं आणि काका त्या राखेवर विश्वास ठेवून मेले असते.

लिलावघराचा मॅनेजर मात्र सभ्य निघाला. त्याने काकांना आत नेलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

“काका, तुम्ही म्हणताय ते आम्हीही तपासलंय. आम्ही असंच काही टांगत नाही. विकणाऱ्याकडे खरेदीचे कागद आहेत. तुमच्या संग्रहालयालाही आम्ही विचारलं होतं. हे त्यांचं पत्र. त्यांचा निळा बुद्ध नऊ वर्षांपूर्वी नष्ट झाला.”

“ते पत्र खोटं आहे.”

“बरं. मग हे बघा.” त्याने फाइलमधून एक फोटो काढला. संग्रहालयाच्या कोठीतल्या नोंदकार्डावरचा जुना फोटो, काका नोकरीला लागायच्या आधीचा. “दिसते का गुडघ्यावर रेघ? नाही ना? आता तुम्ही म्हणाल रेघ नंतर पडली. म्हणून आम्ही कार्डाची प्रतही मागवली. दर वर्षी गुंडाळी उघडून तपासलीय आणि दर वर्षी लिहिलंय, ‘स्थिती: उत्तम’. अगदी छत गळायच्या वर्षापर्यंत. तुमच्या चित्राला कधी रेघ नव्हतीच, काका. हे चित्र वेगळं आहे.”

कार्डावर ओळीखाली ओळ होती. सत्तावीस वेळा ‘उत्तम’. प्रत्येक ‘उत्तम’पुढे एकच सही.

“सही कुणाची आहे, ओळखता का?” मॅनेजरने सहज विचारलं.

 ती सही काकांचीच होती.

ते उठले, पाण्याचा पेला तसाच ठेवला आणि बाहेर पडले.

झालं होतं ते असं. गुंडाळीकाकांना हे नाव पडायच्या आधी, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, वरून हुकूम आला की लांब लाकडी पेट्या जागा खातात, सगळ्या गुंडाळ्या पत्र्याच्या नळ्यांत भरा. नळ्या ज्याने खरेदी केल्या त्याने आयुष्यात एक गुंडाळी हातात धरली नव्हती. नळी मनगटाएवढी अरुंद. काकांना काम शिकवणारा जुना कोठीवाला सांगून गेला होता, “मुठीत मावेल इतकी घट्ट कधी गुंडाळू नको. चित्राला आत श्वास राहिला पाहिजे.” काकांनी हे वर जाऊन सांगितलं. वरून उत्तर आलं, आठवडाभरात भरून झालं पाहिजे. काका हंगामी होते. त्यांनी आवळून गुंडाळलं, दोन्ही हातांनी ढकललं आणि झाकण लावलं.

पुढच्या वर्षी कोरड्या हवेच्या आठवड्यात गुंडाळी उघडली तेव्हा टेबलावर निळ्या टिकल्या पडल्या. बुद्धाचे गुडघे.

सांगायला हवं होतं. पण बायकोला सातवा महिना होता आणि हंगामी माणसाला काढायला कागदसुद्धा लागत नव्हता. काकांनी स्वतःच्या फाटक्या गणवेशाच्या कोटाचं अस्तर कापलं, मैद्याची खळ केली, मागच्या रेशमाची शिवण उसवून आत पट्टी चिकटवली आणि पुन्हा शिवून टाकलं. पुढून रंगपेटीतला निळा भरला. कार्डावर लिहिलं, ‘उत्तम’. पहिल्या वर्षी अक्षर वाकडं पडलं. पाचव्या वर्षी सरळ आलं. पुढे पुढे तर ते ‘उत्तम’ असं वळणदार पडायचं की दृष्ट लागावी.

परतीच्या बसमध्ये काकांना खरी गोष्ट उमगली आणि ती कुठल्याही चोरीपेक्षा वाईट होती. साहेबांनी गुंडाळी उघडली असणार. रेघ बघितली असणार. मग कार्ड बघितलं असणार आणि खुदकन हसले असणार. कारण कागदावरचा बुद्ध धडधाकट आणि हातातला जखमी. हातातला कुणालाही विका, कागदावरच्याशी तो जन्मात जुळणार नाही. साहेब लोकांना कुलूप फोडावं लागत नाही. खालच्या माणसाने भीतीने लिहिलेला एक शब्द त्यांना पुरतो. काकांनी तो सत्तावीस वेळा लिहून ठेवला होता.

मुलगी संध्याकाळी कामावरून आली. ती त्याच संग्रहालयात आवक खिडकीवर कराराने काम करत होती. नवरा परमुलखात कामाला गेला तो गेलाच, तेव्हापासून ती आणि काका दोघंच. तिने चपला काढल्या, सुजलेले पाय भिंतीला टेकवले आणि डोळे मिटून विचारलं, “दिवसभर कुठे होतात? फोन लागत नव्हता.”

“चित्र बघायला गेलो होतो.”

“या वयात एकटेच? कुठल्या थिएटरला?”

“निळा बुद्ध. लिलावाला लावलाय.”

तिने डोळे उघडले. “तो तुम्ही जाळलात ना?”

“मलाही तसंच वाटत होतं.”

काकांनी सगळं सांगितलं. नळी, टिकल्या, अस्तर, कार्ड. मॅनेजरने दाखवलेला फोटो. ती ऐकत होती. मध्ये एकदा उठून गॅस बंद करून आली आणि पुन्हा बसली.

“चौथीत असताना मी तुमच्या ऑफिसातली पेन्सिल दप्तरात घालून आणली होती,” ती म्हणाली. “आठवतं? भर उन्हात मला चालत परत पाठवलंत. एकटीला. साहेबांच्या हातात देऊन माफी मागून ये म्हणालात.”

“आठवतं.”

“त्या वर्षी कार्डावर काय लिहिलं होतं तुम्ही?”

“उत्तम.”

ती हसली. ते हसणं काकांना ऐकवलं नाही.

“आता काय करायचं म्हणताय?”

“लिहून देतो. रेघ मी पाडली, मी लपवली, म्हणून चित्र आपलंच आहे.”

“कुणाला लिहून देणार? मोठ्या साहेबांना? ज्यांनी ते विकलं, त्यांनाच?” ती शांतपणे म्हणाली. थकलेलं माणूस बोलतं तशी. “बाबा, माझा करार पंधरा दिवसांनी संपतोय. पुढच्या करारावर सही त्यांचीच लागते. माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे.”

“मग? कोठीत अंधारात नळीत कोंबलेला होता तो. आता कुणी तरी पैसेवाला घेईल, भिंतीवर लावेल, पाहुण्यांना दाखवेल. बरं नाही का त्याचं?”

“कोठीत तो सगळ्यांचा होता.”

“सगळ्यांपैकी बघितला कुणी? वर्षातून एकदा, तुम्ही.”

 काका बोटांची नखं बघत बसले.

“एक खरं सांगा,” ती म्हणाली. “तुम्हाला चित्र वाचवायचंय की स्वतःला धुऊन घ्यायचंय?”

“कळत नाही गं. दोन्ही असेल.”

“धुवा. पण माझ्या नोकरीच्या पाण्याने धुऊ नका. एवढंच सांगते.”

मग दोघांनी जेवून घेतलं. भांडी तिने घासली, काकांनी पुसली. रोजच्यासारखंच.

सकाळी ती कामावर गेल्यावर काका तासभर खुर्चीत बसून राहिले. मग उठून पुन्हा लिलावघरात गेले. या वेळी त्यांनी मॅनेजरला नाही, चित्रं तपासणाऱ्या बाईंना विचारलं. बाई साठीच्या, गळ्यात दोरीला दोन चष्मे, बोटांना डिंक लागलेला. काकांना ते हात बघून बरं वाटलं.

“तुमच्या कॅटलॉगमध्ये मागच्या ठिगळाबद्दल काय लिहिलंय?” काकांनी विचारलं.

बाईंनी पान काढून वाचलं. “‘मागील बाजूस अस्तराआड जुने ठिगळ. मठातील कोणा अनामिक भिक्षूने श्रद्धापूर्वक केलेली डागडुजी. चित्राच्या पूजेतील दीर्घ आयुष्याची हृद्य खूण.’ मॅनेजरसाहेबांची भाषा आहे. मी फक्त ‘ठिगळ’ लिहिलं होतं.”

“तो भिक्षू मी.”

बाईंनी एक चष्मा काढून दुसरा लावला.

“करड्या रंगाचं कापड आहे,” काका म्हणाले. “त्यावर तांबडी दुहेरी रेघ. संग्रहालयाच्या जुन्या गणवेशाच्या कोटाचं अस्तर. एका कोपऱ्यात धोब्याच्या शाईने आकडा असेल, सतरा. खालच्या दांडीजवळ शिवण माझी आहे, टाका मोठा पडलाय. तिथून बघा.”

बाईंनी हातमोजे चढवले आणि चित्र उतरवून टेबलावर पालथं घातलं. दांडीजवळचा एक टाका सैल होता. तो चिमट्याने उचलून त्यांनी बारीक टॉर्च आत घातली आणि गाल टेबलाला टेकवून बराच वेळ आत बघत राहिल्या.

“सतरा,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, “खळ कशाची?”

“मैद्याची. चिमूटभर मोरचूद घातलं होतं.”

“म्हणून कीड लागली नाही.” त्या सरळ झाल्या. “रंग मात्र घाणेरडा भरलाय तुम्ही.”

“हो. दुसरा परवडला नाही.”

त्यांनी हातमोजे काढले. “ऐका. मी हे आजच वर सांगते. पण मीही इथे नोकर आहे. माझ्या सांगण्याने लिलाव थांबणार नाही, आणि एका निवृत्त कोठीवाल्याच्या सांगण्यानेही नाही. सोमवारी अकराला बोली लागेल. त्याआधी संग्रहालयाने लेखी कळवलं की चित्र आमचं आहे, तर थांबवावंच लागेल. आज शुक्रवार. त्यांच्याकडे आज पाचच्या आत अर्ज द्या आणि उत्तर मागा. आणि सगळं लिहा.”

“सगळं?”

“रेघेचं लिहिलं नाही तर बाकीच्यावर कोण विश्वास ठेवेल? तुमचा पुरावा तोच आहे.”

संग्रहालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून काकांनी अर्ज लिहिला. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर तीन पानं भरली. छत्तीस वर्षांत त्यांनी एका वेळी इतकं कधीच लिहिलं नव्हतं. दुपारचे साडेतीन झाले होते. दारावरच्या शिपायाने त्यांना आत जाताना हटकलं, “काय गुंडाळीकाका, पेन्शन अडकली की काय?”

“पेन्शन नाही. चित्र अडकलंय.”

“मग चालू द्या,” शिपाई म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं.

आवक खिडकीपुढे दोन माणसं होती. काका त्यांच्यामागे उभे राहिले. काचेआड मुलगी मान खाली घालून कागदांवर आकडे टाकत होती. पहिला माणूस गेला, दुसरा गेला.

“पुढचे,” असं म्हणून तिने वर बघितलं.

काकांनी अर्ज काचेच्या फटीतून आत सरकवला. तिने तो उचलला नाही.

“घरी सांगितलं होतं मी,” ती ओठ न हलवता म्हणाली.

“सांगितलं होतंस.”

“तरी आलात.”

“दुसरी खिडकी नाही ना इथे.”

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान वळवली. तिने अर्ज ओढून घेतला आणि वाचायला लागली. वाचताना तिच्या कपाळावर तिच्या आईसारखी आठी पडली. पहिलं पान, दुसरं पान. काका काचेला हात टेकून उभे होते. गुडघे दुखत होते, पण मागे बाक असूनही बसवत नव्हतं. तिसऱ्या पानाच्या शेवटी ती थांबली. तिथे काकांनी लिहिलं होतं, “माझी मुलगी याच कार्यालयात काम करते. तिला यातले काहीही माहीत नाही.”

“हे वाक्य खोडा,” ती म्हणाली.

“का? तुझ्यासाठीच लिहिलंय. उद्या तुझ्यावर काही येऊ नये म्हणून.”

“खोटं आहे ते. काल संध्याकाळी तुम्ही मला सगळं सांगितलंत.” तिने पेन फटीतून बाहेर दिलं. “आता तरी खरं ते लिहा.”

काकांनी पेन घेतलं. वाक्यावर आडवी रेघ मारली. बाजूला छोटी सही करायची असते, ती केली. या वेळी ती वळणदार पडली नाही.

तिने अर्ज घेतला. शिक्का उचलून शाईत दाबला आणि पहिल्या पानावर मारला. आवक नंबर टाकला, तारीख टाकली, वेळही टाकली. वेळ टाकायची पद्धत नव्हती. पोच फाडून काकांना दिली.

“उत्तर किती दिवसांत?” काकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

“नियमाने तीस.”

“सोमवारी लिलाव आहे.”

“वाचलंय मी.”

समोर लाकडी ट्रे होता. आलेला प्रत्येक कागद त्यात जायचा, संध्याकाळी शिपाई तो वर न्यायचा, आणि मग त्याचं काय होतं ते वरच्यांना ठाऊक. तिने अर्ज ट्रेवर धरला. क्षणभर तसाच धरून ठेवला. मग खुर्ची मागे सरकवून उठली.

“खिडकी बंद का?” रांगेत नुकत्याच आलेल्या एका बाईने विचारलं.

“दोन मिनिटं, मावशी.”

ती मागच्या दाराने निघाली. मोठ्या साहेबांची केबिन कॉरिडॉरच्या टोकाला होती आणि तिचं दार कधीच नीट लागत नसे, कारण बिजागरी बदलायचा कागद कुठल्या तरी ट्रेमध्ये पडून होता. काका भिंतीला धरत धरत कॉरिडॉरच्या तोंडापर्यंत गेले. तिथून त्यांना साहेबांचं अर्धं टेबल दिसत होतं आणि मुलीची पाठ.

साहेब वाचत होते. पानं उलटल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. 

“ठेव ट्रेमध्ये,” साहेबांचा आवाज. “बघू पुढच्या आठवड्यात.”

“सोमवारी अकराला बोली लागणार आहे, साहेब.”

“या म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. स्वतःच लिहितोय, मी खोटारडा आहे म्हणून. याचं काय उत्तर द्यायचं? कोण आहे हा, माहीत आहे तुला?”

“माझे वडील आहेत.”

खुर्ची करकरली. साहेबांचा आवाज खाली आला, गोड झाला. छातीत बुरशी जाते म्हणून सांगताना होता, तसाच.

“हे बघ, तुझी फाइल माझ्याचकडे आहे. चांगलं काम करतेस तू. उगाच कशाला या भानगडीत पडतेस? हा कागद माझ्याकडे राहू दे.”

“कागद राहू द्या. त्याची नोंद झालीय, नंबर पडलाय. मला फक्त उत्तर हवंय.” तिचा आवाज चढला नव्हता. खिडकीवर रोज शंभर जणांशी बोलते त्याच आवाजात ती बोलत होती. “माझ्या वडिलांनी सत्तावीस वर्षं काय केलं, ते त्यांनी लिहून दिलंय. त्यांना काय शिक्षा द्यायची ती द्या. माझा करार संपवायचा तर तोही संपवा. पण लिलावघराला एक ओळ जायला पाहिजे, आज पाचच्या आत. मी टाइप करून आणते, तुम्ही सही करा, नाहीतर सही करत नाही असं तरी लिहा.”

 मागे खिडकीपाशी रांग वाढली होती, कुणी तरी काचेवर नाणं वाजवत होतं. तिने मान वळवली नाही.

“ते चित्र आपलं आहे की नाही, साहेब? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.”